ई-३ गप्प आहे म्हणजे मेलंय असं नाही

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने पूर्ण लांबीचं मानवी पार्किन ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार करून शुद्ध केलं. पार्किन हे प्रोटीनांवर युबिक्विटिन नावाची खूण बसवणाऱ्या साखळीतलं शेवटचं, म्हणजे ई-३ गटातलं एंझाइम; ई-१ आणि ई-२ ही त्याच्या आधीची दोन. ई-१, ई-२ म्हणून यूबीसीएच-७, युबिक्विटिन, एटीपी आणि मॅग्नेशियम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवलं. युबिक्विटिनच्या अँटिबॉडीने ब्लॉट केला (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर घेऊन अँटिबॉडीने ओळखली) तर पार्किनवर काहीच चढलेलं दिसत नाही. शेजारच्या लॅबमधलं जुनं एमबीपी-पार्किन (पुढच्या टोकाला शुद्धीकरणासाठी एमबीपी या प्रोटीनचा टॅग जोडलेलं) त्याच मिश्रणात टाकलं तर मात्र वर चढत जाणाऱ्या बँडची छान शिडी. सीनियर म्हणतात, "तुझं एंझाइम मेलंय, तयार मागव." ती विचारते: मागवू, की पुन्हा प्युरिफाय करू? आणि पुढे कलिन लायगेझ या दुसऱ्या ई-३ गटावर काम करायचं आहे, तिथेही हेच नशिबी आहे का?

दोन्ही करू नका, निदान या आठवड्यात तरी नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं पार्किन शाबूत असावं आणि त्याला आतून कडी लागलेली असावी, असं मला वाटतं. शेजारच्या पार्किनची कडी टॅगमुळे सैल झालेली असणार. अडचण अशी की मेलेलं एंझाइम आणि कडी लावलेलं एंझाइम ब्लॉटवर हुबेहूब सारखं दिसतं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न "नवं आणू का" हा नाही. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, हा आहे.

हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे. पार्किनची घडी झिंकवर उभी असते; कल्चरमध्ये ते घातलं होतं का? पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये झिंक ओढून घेणारं ईडीटीए होतं का? रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या शेवटच्या साइझ एक्सक्लूजन कॉलमवर प्रोटीन कुठे उतरलं? यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर सीनियर बरोबर ठरतील. ते कसं तपासायचं ते पुढे सांगतो, पण आधी यंत्र समजून घेऊ, कारण कडी यंत्राच्या रचनेतच आहे.

युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं, साधारण ८.६ किलोडाल्टनचं छोटं प्रोटीन. त्याचं शेपूट दोन ग्लायसिनांनी संपतं. ई-१ एटीपी खर्च करून हे शेपूट स्वतःच्या सिस्टीनवर थायोएस्टर बंधाने घेतं, मग ते ई-२ च्या सिस्टीनवर देतं. शेवटी ई-३ च्या मदतीने ते लक्ष्य प्रोटीनच्या लायसिनवर बसतं. ही साखळी उलगडल्याबद्दल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसात ई-१ दोन, ई-२ चाळीसच्या आतबाहेर आणि ई-३ सहाशेहून जास्त आहेत. ही संख्याच सांगते की निवड करण्याचं काम ई-३ कडे आहे. आणि जो निवड करतो त्याला सतत मोकळं सोडणं पेशीला परवडत नाही. चुकीचं प्रोटीन प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रोटीन मोडणाऱ्या यंत्राकडे गेलं तर ते परत येत नाही. म्हणून बहुतेक ई-३ जन्मतःच बंद असतात, आणि उघडायला विशिष्ट खूण लागते. पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृत्या बघून आपण ई-३ ला कायम चालू असलेला पंखा समजतो. तिथेच गडबड होते.

ई-३ चे मुख्य तीन प्रकार. रिंग प्रकारात चाळीस ते साठ अमिनो आम्लांचा एक छोटा डोमेन असतो. त्यात सिस्टीन आणि हिस्टिडीन मिळून दोन झिंक अणू एकमेकांना छेद देणाऱ्या रचनेत धरून ठेवतात. रिंग स्वतः युबिक्विटिन कधीच हातात घेत नाही. ते ई-२ ला धरतं आणि ई-२ वर लटकलेलं, इकडेतिकडे हलणारं युबिक्विटिन दाबून एका जागी बसवतं, म्हणजे लायसिनला हल्ला करणं सोपं जातं. हेक्ट प्रकारात मात्र युबिक्विटिन आधी ई-३ च्या स्वतःच्या सिस्टीनवर येतं आणि मग लक्ष्यावर जातं. तिसरा आरबीआर प्रकार, म्हणजे रिंग-१, आयबीआर आणि रिंग-२. हा दोन्हींचा मिलाफ आहे: रिंग-१ ई-२ ला धरतं आणि रिंग-२ मधलं सिस्टीन हेक्टसारखं युबिक्विटिन घेतं. पार्किन या घरातलं.

हा फरक तुमच्या ई-२ च्या निवडीत लगेच कामाला येतो. यूबीसीएच-७ लायसिनशी प्रक्रिया करत नाही, फक्त सिस्टीनशी करतं. म्हणून ते हेक्ट आणि आरबीआरसोबत चालतं, साध्या रिंगसोबत नाही. हे २०११ मध्ये स्पष्ट झालं, आणि पार्किनसारखी एंझाइमं आतून हेक्टसारखी वागतात हे त्यावरूनच कळलं. तुमची निवड योग्य आहे. यूबीसीएच-५ वापरलं असतं तर ते सगळ्यांशीच बोलतं. मग आलेली शिडी सिस्टीन ४३१ मुळे (पार्किनच्या रिंग-२ मधलं ते सिस्टीन हेच) आली की ई-२ ने परस्पर कुठल्यातरी लायसिनवर टाकली, हे सांगता आलं नसतं.

आता कडी. पार्किन ४६५ अमिनो आम्लांचं आहे, सुमारे ५२ किलोडाल्टन. पुढच्या टोकाला युबिक्विटिनसारखाच दिसणारा यूबीएल डोमेन, मग रिंग-०, रिंग-१, आयबीआर, मध्ये रेप नावाचा छोटा तुकडा आणि शेवटी रिंग-२. रिंग-०, रिंग-१, आयबीआर आणि रिंग-२ प्रत्येकी दोन झिंक धरतात, म्हणजे एकूण आठ. २०१३ मध्ये स्फटिकरचना आल्या तेव्हा दिसलं की हे प्रोटीन स्वतःभोवतीच गुंडाळलेलं आहे. रिंग-० येऊन सिस्टीन ४३१ झाकून बसतं. रेप तुकडा रिंग-१ वर ई-२ जिथे बसायला हवं त्याच जागेवर बसतो, आणि ट्रिप्टोफॅन ४०३ ने ती जागा घट्ट धरतो. यूबीएलही रिंग-१ ला खेटून असतो. म्हणजे ई-२ ला बसायला जागा नाही आणि बसलंच तरी युबिक्विटिन घ्यायला सिस्टीन उघडं नाही. तुमच्या ट्यूबमध्ये तासभर जे झालं ते या अवस्थेत अगदी अपेक्षित आहे.

ही कडी पेशीत पिंक-१ नावाचं कायनेझ, म्हणजे फॉस्फेट लावणारं एंझाइम, उघडतं. मायटोकाँड्रियाचं विद्युतविभव ढासळलं की पिंक-१ त्याच्या बाहेरच्या पडद्यावर साठतं आणि युबिक्विटिनच्या सेरीन ६५ वर फॉस्फेट लावतं. असं फॉस्फो-युबिक्विटिन रिंग-१ च्या बाजूला चिकटलं की यूबीएल सुटतो. सुटलेल्या यूबीएलच्याही सेरीन ६५ वर पिंक-१ फॉस्फेट लावतं. मग तो यूबीएल जाऊन रिंग-० ला धरतो, आणि रिंग-२ ला तिथून उठावं लागतं. तेव्हा सिस्टीन ४३१ मोकळं होतं. दोन चाव्या, एकामागून एक. एकट्या फॉस्फो-युबिक्विटिनने थोडी हालचाल दिसते, पूर्ण वेग दोन्ही फॉस्फेट लागल्यावरच येतो.

मग एमबीपी-पार्किन चावीशिवाय का चाललं? पुढच्या टोकाला काहीही जोडलं की यूबीएलला आपल्या जागी नीट बसता येत नाही. छोटे टॅगसुद्धा हे करतात, एमबीपी तर जवळपास पार्किनएवढाच बोजा आहे. शिवाय एमबीपीवर भरपूर लायसिन आहेत, आणि अर्धवट उघडलेलं पार्किन शेजारीच असलेल्या त्या लायसिनांवर युबिक्विटिन टाकत राहतं. तुम्हाला दिसलेल्या शिडीत टॅगवर बसलेल्या एकेकट्या युबिक्विटिनांचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. म्हणून त्या नमुन्याला "चालणारं पार्किन" मानून तुलना करू नका. टॅग हवाच असेल तर हिस-सुमो टॅग लावा आणि सुमो कापणाऱ्या सेन्प-१ या एंझाइमने कापा. त्यानंतर पुढच्या टोकाला एकही जादा अमिनो आम्ल उरत नाही, यूबीएल जसा असायला हवा तसा राहतो. मागच्या टोकाला तर टॅग नकोच. आरबीआर असो वा हेक्ट, उत्प्रेरक भाग शेवटाला असतो. एमडीएम-२ सारख्या जोडीने काम करणाऱ्या रिंगमध्येही शेवटची मोजकी अमिनो आम्लं जोडी जमवायला लागतात.

आतापर्यंतचं थोडक्यात: तुमचं पार्किन नैसर्गिक रूपात असेल तर पिंक-१ शिवाय ते गप्पच राहायला हवं. गप्प राहणं हा दोष नाही, उलट घडी नीट बसल्याची खूण असू शकते. "असू शकते" चं "आहे" कसं करायचं, ते आता क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी मागचीवर उभी आहे.

सगळ्यात आधी ई-३ बाजूला ठेवा आणि ई-१ व ई-२ जिवंत आहेत का ते बघा. २५ मायक्रोलिटरमध्ये ०.१ मायक्रोमोलर ई-१, २ मायक्रोमोलर यूबीसीएच-७, ५० मायक्रोमोलर युबिक्विटिन, ५ मिलीमोलर एटीपी, १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५० मिलीमोलर हेपीस पीएच ७.५ आणि १०० मिलीमोलर मीठ. अंदाजासाठी: २५ मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम युबिक्विटिन म्हणजे साधारण ४७ मायक्रोमोलर. १० मिनिटं ३७ अंशांवर ठेवा आणि नमुना दोन भागांत थांबवा, एक डीटीटी (थायोएस्टर तोडणारं रसायन) असलेल्या सँपल बफरमध्ये आणि दुसरा डीटीटी नसलेल्यात. दुसरा उकळू नका. डीटीटी नसलेल्या लेनमध्ये यूबीसीएच-७ अठरावरून सव्वीस किलोडाल्टनच्या आसपास सरकलेलं दिसलं आणि डीटीटीच्या लेनमध्ये परत खाली आलं, तर थायोएस्टर तयार होतोय. दोन्ही नमुन्यांमध्ये निदान एक लेन मोकळी सोडा, नाहीतर शेजारचं डीटीटी जेलमध्ये पसरून तुमचा थायोएस्टर तोडतं.

इथेच अडलात तर आधी एटीपी बघा. एटीपीचं डायसोडियम मीठ पाण्यात विरघळवलं की द्रावण चांगलंच आंबट होतं, पीएच तीनच्या आसपास. सोडियम हायड्रॉक्साइडने ते सातवर आणून छोटे अ‍ॅलिकॉट करा, एकदा वितळवलेला परत गोठवू नका. मुंबईत आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. कृतीत "रूम टेम्परेचर" लिहिलेलं असतं ते २२ ते २५ अंशांचं, आणि एसी बंद असलेल्या लॅबमध्ये मे महिन्यात टेबलावर ३२ च्या वर असतं. वेळ मोजायचा असेल तर वॉटर बाथ ३० वर लावा आणि त्यातच काम करा. दुसरं म्हणजे पावसाळ्यात डीप फ्रीझरमधून काढलेली डीटीटीची किंवा एनईएमची (सिस्टीन कायमचं झाकणारं रसायन) बाटली गार असतानाच उघडली की आत दव धरतं. बाटली बंदच ठेवून टेबलाच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. जुन्या डीटीटीवर भरवसा नको. पार्किनसाठी तसंही डीटीटीच्या जागी ०.५ मिलीमोलर टीसेप बरं, कारण डीटीटी जास्त झालं की झिंकशी झोंबतं.

दुसरी पायरी, पार्किनची घडी. साइझ एक्सक्लूजनवर ते एकेकट्या रेणूच्या जागी उतरायला हवं. सुरुवातीच्या व्हॉइड व्हॉल्यूममध्ये मोठं शिखर असेल तर ते गोळा झालेलं प्रोटीन आहे, आणि ते कुठल्याही चावीने उघडणार नाही. मग झिंक. प्रोटीनची घडी मोडून पीएआर नावाच्या रंगद्रव्याने झिंक मोजता येतं, झिंक धरलं की ते ५०० नॅनोमीटरला शोषण दाखवतं. प्रत्येक पार्किनमागे आठच्या जवळ आकडा आला तर उत्तम. चार-पाच आला तर काही रेणूंच्या किंवा काही डोमेनांच्या घड्या बसलेल्या नाहीत. हे टाळायचं असेल तर इंडक्शनच्या वेळी कल्चरमध्ये झिंक क्लोराइड घाला, तापमान १६ ते १८ अंशांवर उतरवा आणि प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी कमी ठेवा, ०.१ मिलीमोलर पुरतं. लायसिस बफरमधून ईडीटीए पूर्ण काढा. प्रोटिएझ रोखणाऱ्या तयार गोळ्यांमध्येही ते असतं, म्हणून ईडीटीए नसलेल्या गोळ्या मागा. रिंगवर काम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीत वाया जातो असं मला वाटतं.

तिसरी पायरी कडीची, आणि हीच तुमच्या प्रश्नाची गाभ्याची गोष्ट. इथे तीन साधनं आहेत.

पहिलं ट्रिप्टोफॅन ४०३ चं अ‍ॅलानिन केलेलं पार्किन. रेप तुकड्याची पकड सुटते आणि पिंक-१ नसतानाही क्रिया दिसू लागते. तुमच्याच प्लाझ्मिडवर प्रायमरच्या एका जोडीत हे होतं, तयार एंझाइमच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्च. तुमच्याच हातच्या पद्धतीने शुद्ध केलेलं हे रूप चाललं आणि मूळ रूप गप्प राहिलं, तर तुमची पद्धत निर्दोष आहे आणि मूळ पार्किनला फक्त कडी आहे. याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

दुसरं, खरी चावी. मानवी पिंक-१ ई. कोलायमध्ये नीट मिळत नाही, त्यामुळे सगळीकडे कीटकांचं पिंक-१ वापरतात. त्यातलं एक ट्रायबोलियम कॅस्टेनियमचं, म्हणजे पावसाळ्यात रव्याच्या आणि पिठाच्या डब्यात होतो त्या तांबड्या भुंगेऱ्याचं. दुसरं माणसाच्या अंगावरच्या उवेचं. कीटकांचं हे पिंक-१ मानवी युबिक्विटिन आणि मानवी पार्किन दोन्हींवर उत्तम चालतं. पार्किनसोबत ते एटीपी-मॅग्नेशियममध्ये अर्धा ते एक तास ठेवा, थोडा नमुना फॉस-टॅग जेलवर (यात फॉस्फेट लागलेलं प्रोटीन हळू सरकतं) चढवून फॉस्फेट लागलंय याची खात्री करा, मग उरलेलं मिश्रण ई-१, ई-२ मध्ये टाका. एक चूक टाळा: सगळंच युबिक्विटिन फॉस्फो करून तेच इंधन म्हणून वापरू नका. फॉस्फेट लागलेलं युबिक्विटिन पुढे देताना आणि साखळी बांधताना बऱ्याच ई-२ ना अडचण होते. थोडं फॉस्फो-युबिक्विटिन चावी म्हणून आणि बाकी साधं इंधन म्हणून, असं प्रमाण ठेवा.

तिसरं, युबिक्विटिन व्हिनाइल सल्फोन. याच्या शेपटाला असा गट असतो की उघडं, क्रियाशील सिस्टीन समोर आलं की ते कायमचं चिकटतं. कडी लागलेलं पार्किन त्याच्याशी जवळजवळ बोलत नाही, उघडलेलं पार्किन बोलतं. कूमासी जेलवर (कूमासी हा सगळी प्रोटीनं निळी रंगवणारा रंग) पार्किनचा बँड ८ ते ९ किलोडाल्टनने वर सरकलेला दिसतो. यात ई-१, ई-२, एटीपी काहीच लागत नाही, म्हणून फक्त पार्किनचंच दार उघडं आहे का, एवढं स्वतंत्रपणे कळतं.

कंट्रोलमध्ये एटीपीशिवाय, ई-१ शिवाय आणि ई-२ शिवाय एकेक लेन हवीच. मेलेला जोडीदार, म्हणजे मुद्दाम निकामी केलेलं रूप, म्हणून सिस्टीन ४३१ चं अ‍ॅलानिन करा. सेरीन केलंत तर युबिक्विटिन तिथे ऑक्सीएस्टर बंधाने अडकून राहतं. तो डीटीटीने तुटत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडने तुटतो. बँड सरकलेला दिसतो म्हणून लोक त्याला क्रिया समजतात, पण तो अडकलेला मधला टप्पा आहे. पुढे साध्या रिंगवर काम कराल तेव्हा झिंक धरणारं सिस्टीन बदलून "मेलेलं" रूप बनवू नका. त्याने आख्ख्या डोमेनची घडी मोडते आणि प्रोटीन इतर कारणांनीही निकामी होतं. ई-२ ला चिकटणाऱ्या पृष्ठभागावरचं एखादं अमिनो आम्ल बदलणं जास्त प्रामाणिक.

निकाल वाचण्याबद्दलही एक सांगायला हवं. ब्लॉटने सुरुवात करू नका, कूमासीने करा. युबिक्विटिनची अँटिबॉडी लांब साखळीवर अनेक ठिकाणी बसते, त्यामुळे दोन टक्के रेणूंवर साखळी चढली तरी ब्लॉट काळाकुट्ट दिसतो. कूमासीवर मूळ ५२ किलोडाल्टनचा बँड किती कमी झाला हे बघा, खरी क्रिया तिथे दिसते. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांचे नमुने घ्या. एका तासाचा एकच नमुना वेग सांगत नाही. ब्लॉट करायचाच असेल तर ०.२ मायक्रोमीटरची मेम्ब्रेन घ्या, सुटं युबिक्विटिन मोठ्या छिद्रांतून निघून जातं.

हे सगळं ट्यूबमधलं झालं. पेशीत हेच बघायचं तर हेला पेशींमध्ये पार्किन मुळात जवळपास नसतं, म्हणून बाहेरून घातलेलं पार्किन तिथे स्वच्छ दिसतं. १० मायक्रोमोलर सीसीसीपीने मायटोकाँड्रियाचं विभव पाडा आणि पार्किन तिकडे जातंय का बघा. लायसिस बफरमध्ये एनईएम १० ते २० मिलीमोलर, इथेनॉलमध्ये त्याच दिवशी बनवलेलं, नाहीतर युबिक्विटिन काढून टाकणारी डीयूबी एंझाइमं बर्फावरसुद्धा साखळ्या कुरतडून टाकतात. त्या बफरमध्ये डीटीटी घालू नका, दोघं एकमेकांना संपवतात. पुलडाउनच्या (अँटिबॉडीने एकच प्रोटीन ओढून काढण्याच्या) आधी नमुना १ टक्का एसडीएसमध्ये उकळा, मग दहा पट पातळ करून अँटिबॉडी घाला. असं न केल्यास दिसणारा स्मिअर तुमच्या प्रोटीनवरचा की त्याला चिकटून आलेल्या दुसऱ्या कुणावरचा, हे कळत नाही. पुढे मास स्पेक करणार असाल तर आयोडोअ‍ॅसिटामाइड टाळून क्लोरोअ‍ॅसिटामाइड वापरा. आयोडोअ‍ॅसिटामाइड लायसिनवर दोनदा बसलं की त्याचं वजन युबिक्विटिनच्या शेपटाच्या लायसिनवर उरणाऱ्या ग्लायसिन-ग्लायसिन खुणेएवढंच, ११४.०४३ डाल्टन भरतं, आणि खोट्या जागा यादीत येतात. पवईच्या आयआयटीत प्रोटिऑमिक्सची सुविधा आहे. नमुने देण्याआधी तिथल्या लोकांशी या एका मुद्द्यावर जरूर बोला.

आता कलिनचा प्रश्न. तिथेही कड्या आहेत, पण वेगळ्या जागी. कलिन हा लांब कणा आहे. त्याच्या एका टोकाला आरबीएक्स-१ नावाचं रिंग, दुसऱ्या टोकाला अ‍ॅडॉप्टर आणि त्यावर लक्ष्य ओळखणारा रिसेप्टर. एससीएफ या कलिन लायगेझमध्ये कणा कल-१, अ‍ॅडॉप्टर स्किप-१ आणि रिसेप्टर म्हणून माणसातल्या सुमारे सत्तर एफ-बॉक्स प्रोटीनांपैकी एखादं. लक्ष्य आणि ई-२ यांच्यामधलं अंतर इतकं मोठं असतं की कणा ताठ राहिला तर युबिक्विटिन पोचतच नाही. पेशी कल-१ च्या लायसिन ७२० वर नेड-८ जोडते. नेड-८ हे युबिक्विटिनचंच जवळचं भावंड, तेही ७६ अमिनो आम्लांचं. ते जोडलं की आरबीएक्स-१ कण्यापासून सुटून मोकळं हलायला लागतं आणि लक्ष्यापर्यंत पोचतं. सीओपी-९ सिग्नलोसोम हे नेड-८ काढून घेतं, आणि नेड-८ नसलेल्या कलिनवर कँड-१ येऊन जुना रिसेप्टर उतरवून नव्याला जागा करून देतं. म्हणजे कुठला रिसेप्टर कधी कामावर, हे याच चक्रात ठरतं.

तुमच्या कामासाठी यातून दोन गोष्टी निघतात. ई. कोलायमधून काढलेल्या कलिनवर नेड-८ नसतं. नेड-८ ची स्वतःची ई-१ आणि यूबीई२एम घालून ते तुम्हालाच चढवावं लागेल, नाहीतर तुम्ही पुन्हा "एंझाइम मेलंय" म्हणाल. दुसरं, पेशीच्या लायसेटमध्ये कल-१ चे दोन बँड दिसतात, वरचा नेड-८ लागलेला. सिग्नलोसोमचं एंझाइम झिंकवर चालतं, सिस्टीनवर नाही, म्हणून एनईएम त्याला रोखत नाही आणि लायसिस करताना वरचा बँड विरून जातो. बफरमध्ये २ मिलीमोलर १,१०-फेनँथ्रोलीन घाला. उलट तपासणीसाठी पेशींना नेड-८ जोडणं रोखणारं एमएलएन-४९२४ १ मायक्रोमोलर द्या, वरचा बँड गेला पाहिजे.

कलिनच्या बाबतीत निम्मी कडी लक्ष्यावर असते, आणि नवखे लोक इथे फसतात. बीटा-टीआरसीपी, स्किप-२ आणि व्हीएचएल हे रिसेप्टर घ्या. बीटा-टीआरसीपी आयकेबी-अल्फाला ओळखतं ते सेरीन ३२ आणि ३६ वर फॉस्फेट असेल तरच. स्किप-२ ला पी-२७ हवं असेल तर थ्रिओनिन १८७ वर फॉस्फेट लागतं आणि जोडीला सीकेएस-१ लागतं. व्हीएचएलला एचआयएफ-१ अल्फावर हायड्रॉक्सिप्रोलिन हवं, आणि ते पेशीत ऑक्सिजन असेल तरच तयार होतं. बॅक्टेरियात बनवलेल्या कोऱ्या लक्ष्यावर यातलं काहीच नसतं. लायगेझ शंभर टक्के उघडं असूनही ते लक्ष्याकडे ढुंकून पाहणार नाही.

इतर घरांचं पटकन सांगतो. सीबीएल टायरोसीन ३७१ वर फॉस्फेट लागेपर्यंत बंद. नेड-४ गटातल्या काही हेक्टांमध्ये पुढचा सी-२ डोमेन हेक्टला अडवून बसतो. सीआयएपी-१ एकेकटं असताना बंद, जोडी झाली की उघडतं. आणि ई-६-एपी, ज्याच्यावरून हेक्ट हे नावच पडलं, त्याला एचपीव्हीचं ई-६ प्रोटीन पळवून नेऊन पी-५३ वर सोडतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या कारणांत हे आहे. दार उघडण्याची खूण दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, ते इथे दिसतं.

तर पिंक-१ आणि दोन्ही बदललेली रूपं हाताशी आली की: एकाच दिवशी, एकाच ई-१ आणि ई-२ च्या अ‍ॅलिकॉटने, सहा ट्यूब लावा. मूळ पार्किन. मूळ पार्किन अधिक पिंक-१. तेच पण एटीपीशिवाय. ट्रिप्टोफॅन ४०३ चं रूप. सिस्टीन ४३१ चं अ‍ॅलानिन रूप अधिक पिंक-१. आणि पार्किनशिवाय फक्त ई-१, ई-२, युबिक्विटिन, पिंक-१. प्रत्येकीतून ०, १५ आणि ६० मिनिटांना नमुना, आधी कूमासी. दुसऱ्या आणि चौथ्या ट्यूबमध्ये ५२ चा बँड कमी होत गेला आणि बाकी जागच्या जागी राहिले, तर हे जेल सीनियरना दाखवा. दुसरी आणि चौथी दोन्ही कोऱ्या राहिल्या, पण सहाव्या ट्यूबच्या डीटीटी नसलेल्या नमुन्यात ई-२ वर थायोएस्टर दिसला, तर झिंकच्या मोजणीकडे परत जा आणि कल्चर नव्याने लावा. बाहेरून काही मागवायचंच ठरलं तर आख्खं एंझाइम मागवण्यापेक्षा पिंक-१ आणि पार्किनच्या वेगवेगळ्या रूपांची प्लाझ्मिडं मागवा. प्लाझ्मिड पाकिटातून येतं, त्याला सहारच्या कार्गोत ड्राय आइस संपण्याची भीती नसते, आणि पुढची तीन वर्षं ते तुमच्याच फ्रीझरमध्ये राहतं.